चौथऱ्यावरचा चेहरा

शिपायाचं डोकं कारखान्यात आलं, त्या दिवसापासून घरातलं कुणी तिथे डबा उघडेना. एरवी दुपारी सगळे पॉलिशच्या यंत्राशेजारी, पालथ्या घातलेल्या खोक्यांवर बसून जेवायचे. भाजीत दगडाची भुकटी पडली तरी कुणाची तक्रार नसायची. "पाथरवटाच्या पोटात एवढा दगड जातो, म्हणून तर तो कुणाचं ऐकत नाही," असं आबा म्हणायचे. आता खिडकीखाली पोत्यावर ते डोकं आडवं पडलेलं असे, नाक आणि वरचा ओठ उडालेलं, आणि उरलेल्या डोळ्यांनी जेवणाऱ्याच्या घासाकडे बघत राही. मग ज्याला त्याला घरात काहीतरी काम आठवू लागलं.

झालं होतं ते एवढंच. चौक रुंद करायचा म्हणून स्मारक मागे सरकवायला क्रेन आणली, आणि क्रेनच्या साखळीचा हेलकावा शिपायाच्या तोंडावर बसला. स्मारक समितीचा अध्यक्ष म्हणजे आबांचा मुलगा, दादा. त्यानं त्याच संध्याकाळी नवं डोकं घडवायचं काम घरी आणलं, आणि गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. शिपाई घडवला होता आजोबांनी. चौथऱ्यावर कोरलेल्या, लढाईत गेलेल्यांच्या नावांत पहिलं नाव होतं आजोबांच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे मोठ्या काकांचं, आणि वरचा चेहराही गाव त्यांचाच समजे. गावाच्या लेखी तो सगळाच दगड ह्या घरचा होता. समितीनं सांगितलं, जसा होता तसाच हवा.

छिन्नी दादाच्या बहिणीकडे, धाकटीकडे आली. केस पिकायला लागले तरी घरात ती धाकटीच. लग्न केलं नाही, कारखाना सांभाळला. दादानं मात्र हातोडी केव्हाच खाली ठेवून माइक हातात घेतला होता. ओळखीचा दगड निवडून तिनं वाकड्या कंपासानं जुन्या डोक्याची मापं घेतली, कपाळ उतरवलं, डोळे उतरवले. आणि मग अडली, कारण जिथे नाक आणि ओठच नाहीत, तिथे माप कशाचं घेणार?

तेव्हाची ती दुपार तिला विसरायची होती आणि विसरता येत नव्हती. ती हात गुडघ्यावर ठेवून नुसती बसली होती. आबा काही न बोलता उठले, आपलं खोकं उचलून खिडकीच्या उजेडात नेऊन ठेवलं, त्यावर बसले आणि तोंड तिच्याकडे वळवलं. उजवा हात नेहमीसारखा कोटाच्या खिशात होता. तिनं कंपास उचलला नाही, नुसत्या डोळ्यांनी मापं घेतली. रोज दुपारी ते तसे बसत गेले आणि रोज दुपारी नाक थोडं थोडं दगडातून बाहेर येत गेलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी दादा हात चोळत कारखान्यात शिरला. "झालं ना? दाखव तरी बाई."

धाकटीनं गोणपाट ओढलं.

"अरे वा!" दादा दोन पावलं मागे सरला, मान कलती करून बघत राहिला. "हुबेहूब! ओठाची ठेवण बघ, तीच. आजोबा असते तर तुझी पाठ थोपटली असती."

क्षणभर धाकटीला बरं वाटलं. कारागिराला 'हुबेहूब' म्हटलेलं कुणाला आवडत नाही? आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली, इतकी, की ती उगाच छिन्न्या पुसत बसली. आबा कोपऱ्यात यंत्राच्या पट्ट्याला तेल देत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आबा, उद्या कापडाची दोरी तुम्ही ओढायची," दादा म्हणाला. "शेजारी मोठी आई. मग बँड, मग माझं भाषण. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही, फक्त उभं राहायचं."

"मला नको," आबा म्हणाले.

"नको कसं? शहिदाचा सख्खा भाऊ म्हणून सगळ्या गावाला सांगून बसलोय मी."

एवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. मोठी आई आली होती, तिला धरून दादाची बायको. दादाची बायको शाळेत शिकवायची आणि घरातही शिकवायची, म्हणून तिला सगळे मास्तरीणबाईच म्हणत. मोठी आई म्हणजे मोठ्या काकांची बायको. लग्नाची नवलाई ओसरायच्या आत विधवा झालेली आणि तेव्हापासून ह्याच घरात राहिलेली. तिनं दादाला आणि धाकटीला न्हाऊमाखू घातलं, पण कारखान्याचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आज ती थेट आत आली.

"मोठ्या आईंना म्हटलं, उद्या गर्दीत दिसायचं नाही नीट, आजच बघून घ्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक!

मोठ्या आईनं आधी पोत्यावरचं फुटकं डोकं पाहिलं, मग नवं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे भावजी आहेत."

दादानं घसा साफ केला.

"मोठी आई, दोघं भाऊ सारखेच दिसायचे. सगळं गाव सांगतं."

"गाव त्यांच्याशेजारी निजत नव्हतं."

मास्तरीणबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. बाकी कुणाला आलं नाही.

"मला हे आज कळलेलं नाही," मोठी आई म्हणाली. "मी रोज जाते ना चौकात? पायाला हात लावते आणि परत येते. वर कधी बघत नाही. पाय काय, कुणाचेही असतात. पण आता डोकं खाली आलंच आहे, तर ह्या वेळी माझा माणूस बसवा तिथे."

"उद्या सकाळी उद्घाटन आहे!" दादाचा आवाज चढला. "आणि चेहरा बदलला, तर लोक विचारणार नाहीत? इतकी वर्षं वर कोण होता, म्हणून?"

"विचारलं तर सांगा ना," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फोटो नव्हता, म्हणून भावाला समोर उभं केलं. त्यात लपवायचं काय आहे?"

दादानं धाकटीकडे पाहिलं, धाकटीनं जमिनीकडे. आणि मग दोघांचीही नजर, नको नको म्हणत, आबांच्या उजव्या खिशावर गेली. मोठ्या आईनं ते बरोबर टिपलं.

"हिला अजून सांगितलं नाहीस होय?" ती दादाला म्हणाली. "एवढा संसार केलास हिच्याबरोबर!"

"काय सांगितलं नाही?" मास्तरीणबाईंचं हसू गेलं होतं.

"भावजी, हात दाखवा तिला."

आबांनी तेलाचा डबा खाली ठेवला. हात खिशातून बाहेर आला. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

"ते माहीत आहे मला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तरुणपणी काम करताना गेलं. दगडानं खाल्लं."

"धाकटे, आता तुझे हात दाखव."

धाकटीनं हात पुढे केले. मार खायला पुढे करावेत तसे. डाव्या अंगठ्याचं नख काळं, तर्जनी वाकलेली, बोटांच्या पेरांवर जुने पांढरे व्रण. उजव्या तळव्याला घट्टे होते, पण बोटं पाचही धड.

"छिन्नी डाव्या हातात, हातोडी उजव्या," मोठी आई म्हणाली. "घाव चुकला, तर बसतो कुठे?"

मास्तरीणबाईंनी डावा हात पाहिला, उजवा पाहिला, मग आबांचा पाहिला. पाथरवटाच्या घरात पोर हातोडी धरायला लागलं, की हे त्याला कुणी न सांगता कळतं. बाहेरून आलेल्याला कधीच कळत नाही. चुकून जातं ते डाव्या हाताचं बोट. उजव्याचं जायला आधी तो हात दगडावर ठेवावा लागतो, आणि हातोडी डाव्या हातात घ्यावी लागते.

"आणि तेच बोट," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "बंदुकीचं."

"घरटी एक माणूस मागितला होता सरकारनं," मोठी आई म्हणाली. "आमच्या घरातून नाव लागलं होतं ते भावजींचं. ते बिनलग्नाचे होते. भरतीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी बोट गेलं. मग घरटी एक म्हणजे दुसरा कोण उरला?"

धाकटीला हे कधी कुणी शब्दांत सांगितलं नव्हतं, आणि तरी त्यातलं काहीच नवीन नव्हतं. लहानपणी पहिल्यांदा तिचं बोट ठेचलं, तेव्हा रडायच्या ऐवजी ती नाचत आबांकडे गेली होती. "आबा, बघा, तुमच्यासारखंच!" म्हणून तिनं रक्ताळलेला हात पुढे केला होता, डावा. आबांनी त्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि ते उठून अंगणात निघून गेले. त्या दिवशी तिला कळलं ते कळलं. शाळेत मात्र ती पुढेही 'आमचे मोठे काका' म्हणून कॉलर ताठ करतच राहिली. कळूनही. आज तिला त्या पोरीचीही लाज वाटली.

"अण्णा म्हणाला, मी जातो, तू बाबांना बघ," आबा म्हणाले. ते फार बोलत नसत, त्यामुळे सगळे वळले. "एका शब्दानं बोलला नाही मला. हाताची पट्टी त्यानंच बदलली जायच्या दिवशी. मग बातमी आली. मग गावानं स्मारक मागितलं. बाबांनी मला अण्णाचा कोट घालायला लावला आणि इथे, ह्या खिडकीपाशी उभं केलं. मी म्हटलं, बाबा, माझा चेहरा नको. ते म्हणाले, जायचं तुला होतं, आता तूच उभा राहा."

यंत्राच्या पट्ट्यावरून तेलाचा थेंब खाली पडला. मास्तरीणबाई खोक्यावर बसल्या.

"मी दरवर्षी शाळेतली मुलं तिथे नेते," त्या म्हणाल्या. "वर हात करून सांगते, बघा, घाबरला नाही तो. आणि तुम्ही मागे उभं राहून ऐकता. टाळ्यासुद्धा वाजवता!"

"मग काय करणार होतो मी?" दादा म्हणाला. "सांगणार होतो? आपल्या बापाची अब्रू आपणच चव्हाट्यावर मांडायची? ह्या घराला गावात जो मान आहे, तो कशावर उभा आहे, ठाऊक आहे ना? माझी समिती, तुझी शाळा, हिचा कारखाना. सगळं त्या एका चेहऱ्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनीला नसेल कळत, धाकटे, तुला तरी कळतं ना?"

बायकोला वहिनी म्हणून गेला, इतका तो गडबडला होता. धाकटीला त्याचं म्हणणं कळत होतं, तेच वाईट होतं. गेली कित्येक वर्षं तिनंही तेच केलं होतं, फक्त भाषण न करता. दारासमोरून जाणारे लोक 'शहिदाचं घर' म्हणत, तेव्हा ती मान खाली घाले, आणि लोकांना तो विनय वाटे.

"मोठी आई," ती म्हणाली, "दगडात काही घालता येत नाही गं. फक्त काढता येतं. नवा दगड आणून घडवायला वेळ नाही."

"मग काढ की. त्यांच्यात भावजींपेक्षा सगळं कमीच होतं. गाल बसलेले. नाक बारीक. हनुवटी म्हणशील तर नावाला."

धाकटीनं नव्या डोक्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते तिला हुबेहूब ह्या शब्दाची शिसारी आली. तिनं बारीक छिन्नी उचलली.

"धाकटे, हात लावू नकोस!" दादा पुढे झाला.

"तुम्ही गप्प बसा हो," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि उठून दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. एरवी ह्या घरात नवऱ्याच्या भाषणांना मान डोलावणारी एकमेव व्यक्ती त्याच होत्या. दादा बघतच राहिला. मग तरातरा बाहेर निघून गेला.

पहिली कपची उडाली ती नाकाच्या शेंड्याची. आबांच्या समोर आबांचं नाक तासताना तिचा हात जड झाला. आबाच म्हणाले, "घाबरू नकोस. मार."

मग ते खोकं ओढून जवळ बसले. दुसऱ्या बाजूला मोठी आई. दीर-भावजय एका घरात म्हातारे झाले, पण धाकटीनं त्यांना एकमेकांशी जेवणाखाण्यापलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. आता ते बोलत होते.

"गाल अजून आत," मोठी आई म्हणाली.

"जिवणी इकडे किंचित वर. हसायचा तेव्हा एकाच बाजूनं हसायचा अण्णा."

"मला नाही आठवत."

"तुम्ही आलात तेव्हा तो हसू दाबायचा, वहिनी. दात पुढे होता म्हणून."

मोठ्या आईनं काठीची मूठ चोळली. थोड्या वेळानं म्हणाली, "कानाची पाळी चिकटलेली होती. उजव्या."

"डाव्या. मी ओढायचो ना."

"असेल. डाव्या."

कधी दोघांचं पटायचं, कधी वाद व्हायचा, आणि वाद झाला की धाकटी घाव थांबवून वाट बघायची. एकदा काढलेलं परत बसत नाही. उन्हं उतरेपर्यंत दगडात एक हडकुळा, थोडा लाजरा, धाकटीला संपूर्ण अनोळखी असा तरुण आला. ह्याच माणसाच्या नावावर ती वाढली होती, आणि हा कसा दिसतो हे तिला आज कळत होतं. मोठ्या आईनं त्याला हात लावला नाही. "चला, भाकऱ्या व्हायच्यात," म्हणाली आणि काठी टेकत निघाली.

सकाळी क्रेनवाले आले, त्यांच्याबरोबर दादाही आला. त्यानं डोक्याकडे बघितलंही नाही. पण डोक्याला पट्टा बांधायची वेळ आली, तेव्हा क्रेनवाल्याला बाजूला सारून त्यानं स्वतः बांधला, नाकाला धक्का लागू नये असा.

चौकात गाव लोटलं होतं. पहिल्या रांगेत नावं कोरलेल्यांची घरं: शिंपी, पोस्टमन, दवाखान्यातल्या नर्सबाई, आणि पाववाला. पाववाल्याचा बाप गेला तेव्हा पाववाला पाळण्यात होता. बाप नसलेला हा माणूस आबांनाच बापासारखं मानायचा. दुकानात आबा दिसले की रांग सोडून त्यांना पुढे घ्यायचा. आजही त्यानंच आबांना हात देऊन चौथऱ्याच्या पायरीवर चढवलं.

दादानं खूण केली. आबांनी डावा हात दोरीला लावला, मग काढून घेतला. उजवा खिशातून बाहेर काढला आणि त्या हातानं दोरी ओढली. कापड सरसरत खाली आलं.

टाळ्या झाल्या, मग अडखळल्या. लोक माना उंचावून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "हा वेगळाच वाटतो की."

"वेगळाच आहे," आबा म्हणाले. दादानं माइक त्यांच्यापासून दूर ठेवला होता, पण चौक गप्प झाला होता. "हा माझा भाऊ. आतापर्यंत वर होतो तो मी होतो. जायचं मला होतं." त्यांनी हात वर केला. "हे बोट दगडानं नेलं नाही. मी तोडलं. म्हणून हा गेला."

बँडवाल्यांना वाजवावं की नाही कळेना. एकानं ढोलाच्या कातड्यावर नुसता हात दाबून धरला. धाकटीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सगळा चौक आपल्याकडे बघतोय, हे तिला मान वर न करताही कळत होतं. दादाच्या हातात भाषणाचे कागद होते. त्यानं ते घडी घालून खिशात ठेवले, पुन्हा काढले, पुन्हा ठेवले.

पाववाला पायरीशीच उभा होता. त्यानं आबांना चढवायला दिलेला हात अजून पुढेच होता. तो त्यानं हळूहळू मागे घेतला.

"माझ्या बापाला दहाही बोटं होती," तो म्हणाला.

एवढंच. ओरडला नाही. टोपी घातली आणि गर्दीतून वाट काढत गेला. त्याच्यामागे शिंपी गेला, मग बाकीची घरं. मांडून ठेवलेले चहाचे कप तसेच निवत राहिले. कुणी शिव्या दिल्या असत्या, तर धाकटीला सोपं गेलं असतं. मास्तरीणबाईंनी आपली मुलं रांगेत उभी केली. त्यांना काय सांगावं हे न सुचून त्या नुसत्याच रांगेच्या पुढे चालू लागल्या. दादा एक एक खुर्ची मिटत होता.

चौथऱ्यापाशी तिघंच उरली. मोठ्या आईनं आज पायाला हात लावला नाही. काठी दोन्ही हातांनी धरून तिनं मान मागे टाकली आणि वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, तरी बघत राहिली.

"नाक जरा जाडच राहिलं," ती म्हणाली.

"शिडी लावून काढते उद्या," धाकटी म्हणाली. "आहे अजून दगड."

"शिडी मी धरीन," आबा म्हणाले.

मोठी आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ती वळली आणि एकटीच घराकडे चालू लागली. तिची काठी रिकाम्या चौकात बराच वेळ ऐकू येत राहिली. आबांचा उजवा हात सवयीनं खिशाकडे गेला, खिशाच्या तोंडाशी थांबला आणि परत आला. मग तो कुठे ठेवावा, हे काही त्यांना कळेना.